चिंगयान टेकडीवरचे धुके

ज्या वर्षी सासूबाईंचा तीन वर्षांचा दुखवटा संपला आणि घरातली जाडीभरडी पांढरी वस्त्रे धुऊन आम्ही पेटीत ठेवली, त्या वर्षीच्या शरद ऋतूतली ही गोष्ट. दुखवटा संपल्याचा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या धाकट्या दिराला झाला होता. तो बोलून दाखवत नव्हता, दाखवणे शोभलेही नसते. पण आई गेलेल्या मुलाने दुखवट्यात परीक्षेला बसायचे नाही, मेजवानीला जायचे नाही, चार लोकांत कविता म्हणायची नाही. तीन वर्षे तो घरात कोंडल्यासारखा होता आणि वय एकतीस झाले होते.

त्याचे नाव यिन शूहाओ. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. त्याचे थोरले भाऊ बोकुन हे माझे यजमान. तांदळाची दारू गाळणे हा आमचा धंदा. थोरल्याने भट्टी सांभाळायची आणि धाकट्याने शिकायचे, असे सासरे ठरवून गेले होते. शूहाओ शिकला. तालुक्याच्या परीक्षेत वर आला, पुढच्या परीक्षेत दोनदा आपटला. दुखवट्यात वेळ जाईना म्हणून त्याने मला अक्षरे शिकवली. केस पांढरे झालेल्या बाईला शिकवायला त्याला लाज वाटली नाही आणि शिकायला मला.

नवव्या महिन्याच्या नवमीला आमच्याकडे उंचावर चढायची रीत आहे. केसांत लाल फळांची डहाळी खोवायची, शेवंतीच्या पाकळ्या घातलेली दारू प्यायची. आमचे मामलेदार रेनसाहेब त्या दिवशी तालुक्यातल्या शिकलेल्या मंडळींना घेऊन चिंगयान टेकडीवर जात. वर एक मंडप आहे. तिथे प्रत्येकाने समोरच्या देखाव्यावर कविता करायची. मामलेदार सगळ्या कविता आपल्या प्रस्तावनेसकट सुभेदारांकडे पाठवत आणि ज्याची कविता सुभेदारांच्या मनात भरेल त्याला कुठे ना कुठे नेमणूक मिळे. परीक्षेत आपटलेल्यांना तेवढा एकच दरवाजा उघडा होता.

पण मला नोकरी द्या, असे त्या कवितेत म्हणायचे नाही. असे म्हणणारा माणूस अडाणी. रानहंस दक्षिणेकडे निघाले असे लिहायचे, म्हणजे मी मागे राहिलो. नदी किती रुंद आहे असे लिहायचे, म्हणजे माझी छाती तेवढी आहे. कड्यावरचे पाइनचे झाड लिहायचे, म्हणजे थंडीवाऱ्यात टिकलो, आता मला कोणीतरी तोडून महालाची तुळई करा. शूहाओने मला हे समजावले तेव्हा आमचे हे बाजूला बसून तांदूळ निवडत होते. ते म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे गिऱ्हाइकाला दारू हवी असली तर ते दारू मागतं. तुमच्यात दारू हवी असली की विहिरीचं कौतुक करायचं."

"दादा, मागितलं की माणूस हलका होतो," शूहाओ म्हणाला.

"आणि नाही मागितलं की उपाशी राहतो."

हसण्यावारी गेले, पण त्या वर्षी अशा बोलण्यात भीतीही होती. राजधानीत एका मोठ्या अंमलदाराने भिंतीवर चढलेल्या वेलीवर कविता केली होती. वेल म्हणजे मीच, असे प्रधानजींनी धरले आणि त्या अंमलदाराच्या पायांत बेड्या पडल्या. ज्या वाटेने नोकरी मिळे त्याच वाटेने तुरुंगातही जाता येत होते.

शूहाओने महिनाभर आधीपासून कविता रचायला घेतली होती. सगळेच तसे करत. टेकडीवर आयत्या वेळी सुचल्याचा आव आणायचा, एवढेच. त्याच्या कवितेत हंस होते, नदी होती, शेवटी शीड उभारलेली एक होडी होती. आंघोळीच्या खोलीतूनही तो पुटपुटताना ऐकू येई.

नवमीला पहाटे दार उघडले तर समोरचा रस्ता दिसेना. असे धुके मी त्याआधी पाहिले नव्हते. आम्हाला दारू पुरवायचे काम होते, म्हणून हे आणि मी घडे घेऊन पुढे निघालो. मामलेदारांच्या पालखीचे भोई एकमेकांना हाका मारत, पायाने पायरी चाचपत वर चढले. मंडपात पोचल्यावर मी आडोशाला शेगडी पेटवून दारू गरम करायला बसले. मंडळी जमली. आठ जण होते. कठड्यापलीकडे सगळे पांढरे होते. आपण डोंगरावर आहोत की कोणी दुधाच्या हंड्यात ठेवले आहे, ते कळत नव्हते.

मामलेदार म्हणाले, "काय सुरेख दिवस आहे!" आणि कोणी हसले नाही.

मग वाचन सुरू झाले. पहिल्याने रानहंसांची रांग आभाळात लांबवर जाताना पाहिली. दुसऱ्याने नदी क्षितिजापर्यंत चकाकताना पाहिली, तिच्यावरून हंस गेले. तिसऱ्याचेही हंस. हे माझ्या कानाशी लागले, "तुला एखादा तरी दिसतोय का? मला माझे जोडे दिसत नाहीयेत."

"गप्प बसा. ऐकतील."

"हंस ऐकतील?"

शूहाओ सगळ्यांत शेवटी होता. मला तो पाठमोरा दिसत होता. चौथ्याचे हंस उडाले तेव्हा त्याने मान खाली घातली. सहावा लुआन चोंगयी, त्याच्याबरोबर शाळेत शिकलेला, जमीनदाराचा मुलगा. त्याच्या कवितेत हंस होते, नदी होती आणि होडीसुद्धा होती. तेव्हा शूहाओने हातातला कागद घडी करून बाहीत सारला.  मी यांना म्हटले, "तो कागद का ठेवला त्याने?"

"पाठ झाली असेल."

सातव्याचे वाचून होईपर्यंत शूहाओ कठड्याकडे तोंड करून उभा होता. मग तो वळला, नवा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहून त्याने मोठ्याने वाचले:

*चढून आलो, पण डोंगर कुठे आहे?*
*पांढऱ्या ढगाने सूर्य गिळला आहे.*
*खाली नदी असावी, आवाज येतो.*
*वारा सुटेपर्यंत इथेच उभा राहीन.*

आमचे हे मागून म्हणाले, "वा!" त्यांना ती पहिलीच खरी कविता वाटली. पण मंडपात कोणी वा म्हटले नाही. मामलेदारांचा पेला तोंडापाशी थांबला होता. मला कळेना की झाले काय. मग लुआन अगदी हळू, आपल्या मित्राची काळजी वाटल्यासारखा म्हणाला, "शूहाओ, छाती आहे तुझी."

शूहाओचा चेहरा तेव्हा पडला. सूर्य म्हणजे बादशहा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सूर्यावर आलेला ढग म्हणजे बादशहाला झाकून बसलेला दुष्ट प्रधान. आणि वारा सुटायची वाट पाहणारा माणूस कशाची वाट पाहतो, ते सांगायला नको. इतकी वर्षे तो हेच शिकला होता. फक्त त्या घटकेला, डोळ्यांसमोर खरे धुके होते म्हणून, तो ते विसरला.

मामलेदारांनी "ठीक, ठीक" म्हणून दारू मागवली. त्यांच्या मुनशीने सगळे कागद गोळा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शूहाओ कचेरीत गेला. कविता फारच कच्ची झाली आहे, परत मिळाली तर सुधारून देतो, असे सांगायचे आम्ही ठरवले होते. तो लगेच परत आला. म्हणाला, "सुभेदारांकडची होडी कागद घेऊन पहाटेच गेली. या खेपेला मामलेदारांनी घाई केली."

"घाई का केली?" मी विचारले.

"कागद स्वतःजवळ ठेवला तर लपवला असं होईल. पुढे पाठवला तर कर्तव्य केलं असं होईल."

त्यानंतरचे दिवस सुभेदारांकडून काय येते याची वाट पाहण्यात गेले. मी भात शिजवायला ठेवी आणि विसरे. खमिराच्या वासावरून मला भट्टी कळते, पण त्या दिवसांत मला वासच येईना, दोन रांजण आंबट होऊन गेले. नदीवरून होडीची घंटा ऐकू आली की आम्ही तिघे बोलायचे थांबत असू. शूहाओ दाराबाहेर पडत नव्हता. शेजारीण लोणचे मागायला आली तर जाताना सहज म्हणाली, "तुमच्या भावजींनी म्हणे कवितेत प्रधानजींना चांगलं झोडपलं. आमच्या ह्यांना फार आवडलं." मी तिला दुप्पट लोणचे दिले आणि म्हटले, "तुझ्या ह्यांना सांग, ते नुसतं धुकं होतं." ती डोळा मिचकावून म्हणाली, "हो हो, धुकं."

त्या डोळा मिचकावण्याची मला बेड्यांहून जास्त भीती वाटली. आमच्या मुलखात धुक्यावर कोणाचा विश्वास बसणार नव्हता.

मग मामलेदारांचे बोलावणे आले. शूहाओबरोबर हेही गेले आणि बाहेर थांबले. परत आल्यावर शूहाओने सांगितले की सुभेदारांनी लेखी विचारणा केली आहे. सात जणांना आभाळ निरभ्र दिसले, हंस दिसले, नदी दिसली. खुद्द मामलेदारांच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. मग आठव्याला सूर्य झाकणारा ढग दिसला तो कुठला?

"प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं?" मी ओरडले. "पालखी खाली ठेवताना त्यांचा भोई मामलेदारांच्याच पायावर आदळला होता!"

"प्रस्तावना त्यांनी आधीच लिहून ठेवली होती, वहिनी. आम्ही सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं."

"मग त्या सातांनी सांगावं, धुकं होतं म्हणून. एकाने तरी."

शूहाओ कोणाकडे सांगायला जाईना. तेव्हा मीच शेवंतीच्या दारूचा एक घडा घेतला आणि त्याला ओढत लुआनच्या घरी नेले. लुआन चोंगयी आम्हाला पाहून उठला, नमस्कार केला, आसन दिले. वाईट माणूस नव्हता तो. तेच तर कठीण होते.

"वहिनी, तुम्ही का त्रास घेतलात?"

"त्रास कसला. त्या दिवशी तुम्ही हंसांना इतकी छान वाट दाखवलीत, म्हटलं आम्हालाही दाखवाल."

तो लाल झाला. शूहाओ म्हणाला, "चोंगयी, फक्त एवढंच सांग की त्या दिवशी धुकं होतं. माझ्या कवितेबद्दल काही बोलू नकोस. फक्त हवा कशी होती ते."

लुआनने घड्याच्या तोंडावरच्या फडक्याशी चाळा केला. "धुकं होतं म्हणालो तर माझे हंस खोटे. माझे खोटे तर सगळ्यांचे खोटे. मग मामलेदारांची प्रस्तावना खोटी आणि सुभेदारांना खोटं लिहून पाठवल्याचा गुन्हा त्यांच्या माथी. सात घरं आणि एक कचेरी, एका धुक्यापायी. तू माझ्या जागी असतास तर सांगितलं असतंस?"

 मीच म्हटले, "त्याच्या जागी तो आहे, म्हणून तर आलोय."

"वहिनी, मी त्याच्यासाठी देवळात उदबत्ती लावीन."

"लावा. धूर फार करू नका, कोणीतरी ढग म्हणेल."

घडा आम्ही तिथेच ठेवून आलो. परत मागायला जीभ वळली नाही.

चार दिवसांनी मामलेदारांनी शूहाओला पुन्हा बोलावले. या खेपेला त्यांनी दार लावून घेतले आणि सुटकेची वाट सांगितली. त्यांनाही हे प्रकरण मिटायला हवे होते, कारण चौकशी लांबली तर धुक्यापर्यंत पोचणारच. शूहाओने आपल्या कवितेवर खुलासा लिहून द्यायचा. ढग म्हणजे माझे स्वतःचे अज्ञान. सूर्य म्हणजे बादशहांची कृपा, जी मला मूढाला दिसत नाही. आणि वारा म्हणजे सुभेदारसाहेबांचा उपदेश. होडी परवा सकाळी जाणार होती. तोपर्यंत खुलासा आला नाही, तर मामलेदार लिहिणार की या माणसाला आपण ओळखत नाही.

शूहाओ घरी येऊन म्हणाला, "मी लिहिणार नाही."

मी गाळणीचे फडके पिळत होते. ते हातातून सुटून रांजणात पडले.

"काय म्हणालास?"

"वहिनी, मी अर्थ सांगितला म्हणजे अर्थ होता असं कबूल केलं. आज माझा अर्थ घेतील, उद्या म्हणतील हाही अर्थ पांघरलेला आहे, आतला काढा. धुक्याला अर्थ नव्हता. तेच एक माझ्या बाजूचं आहे."

आमचे हे म्हणाले, "बाबा रे, मान गेल्यावर बाजू कशाला लावणार?"

"दादा, मी खरं तेच लिहिलं."

"खरं!" मला राहवले नाही. "तुझं खरं त्या टेकडीवर राहू दे. तुझ्या दादाचे खांदे बघ. तुझ्या पुस्तकांसाठी या माणसाने पंचवीस वर्षं घडे वाहिले. तू खऱ्यासाठी चढला होतास का टेकडी? नोकरीसाठी चढला होतास ना? मग हंस पाठ करून गेला होतास ते काय होतं? तो कागद बाहीत का घातलास? तेवढं सांग मला. तुझेही हंस वाचले असतेस तर आज आपण सुखाने जेवलो असतो."

 तो खाली बसला आणि कपाळ गुडघ्यांना टेकवून म्हणाला, "लुआनची होडी आली म्हणून."

"काय?"

"माझ्याही कवितेत होडी होती. वाटलं, सगळ्यांचं सारखंच झालं, माझ्याकडे कोण बघणार? समोर धुकं होतं, त्यावर कोणी लिहिलं नव्हतं. वाटलं, माझी कविता वेगळी दिसेल. सुभेदार आठांतून माझाच कागद उचलतील. खरेपणा वगैरे नंतर सुचलं मला. मला पहिलं यायचं होतं, वहिनी. मला कुठेतरी खुर्चीवर बसायचं होतं. वारा सुटेपर्यंत उभा राहीन म्हणालो ते त्याच्यासाठीच. मी दहा वर्षं उभा आहे."

 यांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, "मग हेच लिही."

"हे?"

"आत्ता बोललास ते. ढग म्हणजे ढग, आणि वारा म्हणजे मला नोकरी हवी."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला बाजारात कपडे उतरवायला सांगितले होते. "वहिनी, असं कोणी लिहीत नाही. हसतील."

"हसू देत. हसणारा माणूस बेड्या घालत नाही."

तरी तो दोन वेळा जेवला नाही. होडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्यासाठी शाई उगाळली. तो लिहायचा, फाडायचा. सवयीने एकदा पाइनचे झाड आले, एकदा हंस आले. शेवटी जे राहिले ते मी वाचले. वाचता येत होते याचे त्या दिवशी मला बरे वाटले नाही. त्यात लिहिले होते की त्या दिवशी मला काही दिसत नव्हते. इतरांच्या कविता माझ्याहून बऱ्या होत्या म्हणून घाबरून मी जे सुचले ते लिहिले. मी एकतीस वर्षांचा आहे, थोरल्या भावाच्या जिवावर जेवतो, आणि मला काम हवे आहे, कसलेही, कुठेही.

मामलेदारांनी तो कागद दोनदा वाचला. "लाज कशी वाटत नाही तुला?" असे म्हणाले आणि मोहोर लावली. त्या खुलाशात धुके होते असे म्हटले नव्हते आणि नव्हते असेही म्हटले नव्हते, म्हणून कोणाचेच हंस मेले नाहीत.

होडी पंचमीला गेली, उत्तर यायला अमावास्या उजाडली. तो काळ मी सांगत नाही. घरातल्या तिघांचेही कपडे सैल झाले होते. उत्तर घेऊन मुनशी स्वतः आला आणि उंबऱ्याबाहेरूनच हसायला लागला. सुभेदारांनी जेवणाच्या पंक्तीत तो खुलासा मोठ्याने वाचून दाखवला होता. सगळे पोट धरून हसले होते. एकाने म्हटले, प्रधानजींकडे कळवावे का? तर सुभेदार म्हणाले, "कशाला? हा बंडखोर नाही, उमेदवार आहे."

"मग सुटला?" यांनी विचारले.

"सुटला. आणि नेमणूकही झाली." मुनशीने कागद पुढे केला. "कसलंही, कुठेही, असं लिहिलं होतं ना? सुभेदार म्हणाले, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

दक्षिणेला डोंगरांपलीकडे एका तालुक्यात तुरुंगाच्या कारकुनाची जागा होती. तिथे ओल असते, विषारी वाफा असतात, आणि आधीचे दोन कारकून परत आले नव्हते, म्हणून ती जागा कोणी घेत नव्हते. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटले असते तर तो खुलासा खोटा ठरला असता.

शूहाओने कागद हातात घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटले तो रडेल. तो म्हणाला, "वहिनी, शिक्का बघ. माझं नाव कसं काढलंय बघ." आणि तो खरोखर खूश होता. यांनी त्याचे खांदे धरले आणि म्हणाले, "पाणी उकळून पीत जा."  लुआन चोंगयी घाटावर निरोप द्यायला आला होता. त्याने निरोपाची कविता आणली होती, ती शूहाओने न वाचताच बोचक्यात ठेवली.

तिकडून त्याची खुशाली दोनदा आली. कैदी बरे आहेत, डास वाईट आहेत, लोकांचे बोलणे कळत नाही, कचेरीत त्याला खिडकीजवळची जागा आहे. तिसऱ्या खेपेला खुशाली आली नाही, माणूस आला.

यिन शूहाओ पुढच्या वर्षी सहाव्या महिन्यातल्या बाराव्या दिवशी तापाने वारला. तो बत्तीस वर्षांचा होता.